आधी अन्न, की आधी आठवण?

गेल्या अंकात खाण्याच्या विकारांविषयी लिहिताना, काही रुग्णांच्या आजाराची मुळे बालपणी झालेल्या आघातात असतात, असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे उरलेल्या सगळ्या लेखावर आलेल्या पत्रांहून अधिक भरली. त्यांतली बरीचशी एका बैठकीत, परिच्छेदही न पाडता लिहिलेली आहेत. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांतल्या पाच पत्रांना देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते मी केलेलेही नाही; पण प्रश्न इतके नेमके आहेत की त्यांना मोघम उत्तरे देणे बरे दिसणार नाही.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. मी ९ वर्षांची असल्यापासून ११ वर्षांची होईपर्यंत घरातल्याच एका मोठ्या माणसाने माझे लैंगिक शोषण केले. बाराव्या वर्षी मी लपून, पोट दुखेपर्यंत खाऊ लागले आणि सतराव्या वर्षी खाल्लेले उलटी करून बाहेर काढू लागले. या वर्षी पहिल्यांदा हे सगळे मी एका मानसोपचारतज्ज्ञांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दिवसातून तीन वेळा जेवायचे, मध्ये दोन वेळा थोडे खायचे आणि ते सगळे वहीत लिहून आणायचे, असे सांगितले. घरी येऊन मी खूप रडले. वीसहून अधिक वर्षे जे कोणापाशी बोलले नव्हते ते बोलले आणि बदल्यात मला वही मिळाली. माझ्या आजाराचा आणि त्या शोषणाचा संबंध आहे की नाही? असेल, तर मूळ तसेच ठेवून फांद्या छाटण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता दाट आहे आणि तो तुम्हाला जाणवला, यात तुमची काही चूक झालेली नाही. बालपणातले लैंगिक, शारीरिक आणि भावनिक शोषण, तसेच मुलाची उपेक्षा, यांमुळे पुढे खाण्याचा विकार होण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. केवळ अन्न टाळण्याच्या अनोरेक्सियापेक्षा, ज्यात अनावर खाणे किंवा खाल्लेले बाहेर काढणे असते अशा बुलिमिया आणि बिंज ईटिंग या विकारांत हा संबंध अधिक ठळक असतो. आघात जोखीम वाढवतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. तसाच आघात सोसलेल्या एका व्यक्तीला पुढे नैराश्य येते, दुसरी व्यसनाकडे वळते आणि तिसरीला कोणताच विकार होत नाही. त्यामागे जनुके, स्वभाव, त्या वेळी कोणी पाठीशी उभे राहिले की नाही आणि शरीराविषयी आजूबाजूला काय बोलले जात होते, अशा कितीतरी गोष्टी असतात.

वैद्यकाचे लक्ष या विषयाकडे वळले ते काहीसे अनपेक्षितपणे. १९८० च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी स्थूलतेवरील उपचारांचा एक कार्यक्रम चालवत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून जात आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्यावर कित्येकांच्या बालपणी लैंगिक शोषण झाल्याचे कळले. वजन उतरले की शरीर पुन्हा लोकांच्या नजरेत येते आणि ही नजर त्यांतल्या काहींना सोसवत नव्हती. पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांविषयी विचारले आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. असे अनुभव जितके अधिक प्रकारचे, तितके प्रौढपणी आजार अधिक, असे त्यात आढळले. (त्या पाहणीतली प्रश्नावली सोडवून आता लोक स्वतःचे भविष्य काढतात, ते मला मुळीच पटत नाही. ती आकडेवारी मोठ्या समूहाविषयी आहे. एका माणसाचे पुढे काय होईल, ते तिच्यावरून सांगता येत नाही.)

आता तुमच्या बाराव्या वर्षाकडे येऊ. ज्या मुलीला घर सोडून जाता येत नाही, कोणाला सांगता येत नाही आणि सांगितले तर कोणी विश्वास ठेवील याची खात्री नाही, तिच्या हाताशी दिलासा म्हणून काय असते? अन्न असते. भराभर खाताना लक्ष तोंडातल्या घासापुरते आक्रसते आणि तेवढा वेळ आठवण, भीती आणि लाज यांचा आवाज ऐकू येत नाही. नंतर पोट तडस लागण्याइतके भरले की तीच लाज दुप्पट होऊन परतते. मग उलटी केल्यावर काही काळ एक रिकामी, थकलेली शांतता मिळते आणि त्या शांततेसाठी ते चक्र पुन्हा फिरते. शोषण होत असताना मूल अनेकदा मनाने शरीर सोडून दूर जाते. ती सवय लागली की भूक, तृप्ती, थकवा, मळमळ हे शरीराचे निरोपही अस्पष्ट होतात आणि कधी थांबायचे ते आतून कळेनासे होते. या खाण्याकडे एक वाईट सवय म्हणून पाहू नका, असे मला कळकळीने सांगायचे आहे. बारा वर्षांच्या एका मुलीने, कोणाचीही मदत नसताना, स्वतःसाठी शोधलेला तो उपाय होता. आज तोच उपाय तिला आतून पोखरतो आहे, म्हणून तर उपचार करायचे.

मग वही कशासाठी? याचे उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो आणि फार थोड्यांना त्याचे नीट उत्तर मिळते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट, मनानेही निरोगी अशा तरुण स्वयंसेवकांना सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धातल्या उपासमारीनंतर लोकांना कसे सावरावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ते तरुण चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतल्या काहींचे खाणे बराच काळ आवाक्यात राहिले नाही. या तरुणांना ग्रासणारा कोणताही जुना आघात नव्हता. आपण ज्याला मनाचा गोंधळ समजतो त्यातला केवढा तरी भाग नुसत्या अपुऱ्या आणि अनियमित अन्नाने निर्माण होतो, हे त्यातून दिसले. दिवसभर उपाशी राहून रात्री अनावर खाणाऱ्या आणि ते बाहेर काढणाऱ्या शरीरात मेंदूची स्थिती फार वेगळी नसते. अशा अवस्थेत शोषणाच्या आठवणी उघडल्या, तर त्या पेलण्याइतके बळ नसते. त्या सत्रानंतरची रात्र माणूस त्याच एका ओळखीच्या मार्गाने, म्हणजे खाऊन आणि उलटी करून, काढतो. उलट्यांमुळे रक्तातले पोटॅशियम खाली जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून नियमित खाणे हे मूळ उकरण्यापूर्वी पायाखालची जमीन घट्ट करण्याचे काम आहे.

वहीबद्दल आणखी एक. माझ्याकडे पूर्वी येत असलेल्या एका बाईंचे उदाहरण, ओळख कळणार नाही इतके बदलून, सांगते. त्यांच्या वहीत वेळ, काय खाल्ले, कुठे खाल्ले आणि त्या वेळी मनात काय होते, असे चार रकाने होते. चौथ्या आठवड्यात आम्ही दोघी पाने उलटत असताना लक्षात आले की ‘कुठे’ या रकान्यात सगळीकडे ‘ओट्याजवळ, उभ्याने’ असे लिहिलेले आहे. घरात जेवणाचे टेबल होते, पण महिन्याभरात त्या तिथे एकदाही बसल्या नव्हत्या. मी कारण विचारले. बराच वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “टेबलावर बसलं की मागून हात पडायचा.” लहानपणी वडिलांच्या रागाची वेळ जेवणाची असे आणि या बाईंची खुर्ची दाराकडे पाठ करून असे. त्या आठवड्यात आम्ही आणखी खोलात गेलो नाही. त्यांनी घरी जाऊन खुर्ची भिंतीला टेकवली, दार समोर दिसेल अशी, आणि रोज फक्त सकाळचे खाणे तिथे बसून घ्यायचे ठरवले. आघातावरचे पुढचे सगळे काम त्या खुर्चीपासून सुरू झाले. तुमची वहीही तुमची गोष्ट बाजूला सारण्यासाठी दिलेली नसावी. अर्थात, हे तुम्हाला समजावून सांगणे हे तज्ज्ञांचे काम होते आणि ते राहून गेले असेल, तर तुमचे रडू रास्तच होते.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. पूर्वी अनेक ठिकाणी खाण्याचा विकार पूर्ण बरा होईपर्यंत आघाताचा विषयच काढायचा नाही, अशी रीत होती, आणि काही रुग्णांच्या बाबतीत तो दिवस कधी उजाडलाच नाही. ज्यांना आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, आहे त्यांच्यावर केवळ खाण्याचे उपचार केले, तर सुधारलेली लक्षणे पुढे परतण्याची शक्यता अधिक दिसते. त्यामुळे खाणे थोडे स्थिर होताच दोन्ही उपचार एकमेकांना जोडून करावेत, असे मत आता बळावत आहे आणि माझेही तेच मत आहे. पुढच्या भेटीत तज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा : माझी पीटीएसडीसाठी रीतसर तपासणी होईल का, आघातावरचे काम कोणत्या टप्प्यावर सुरू होईल आणि ते तुम्ही करणार की दुसरे कोणी? बुलिमियासाठी ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली वर्तन-विचारोपचाराची पद्धत साधारण २० आठवड्यांत २० सत्रे अशी चालते. आघातासाठी पॅट्रिशिया रेसिक यांची सुमारे १२ सत्रांची विचार-प्रक्रिया पद्धत, एडना फोआ यांची, टाळलेल्या आठवणींना दीर्घ सामोरे जाण्याची पद्धत आणि फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाअखेरीस मांडलेली ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करण्याची) ही पद्धत यांना चांगला आधार आहे. म्हणजे या सगळ्याला आरंभ आणि शेवट असतो. वही जन्मभर लिहावी लागत नाही. आणि कृपया याच आठवड्यात रक्तातली पोटॅशियमची पातळी आणि ईसीजी तपासून घ्या. छातीत धडधड, भोवळ किंवा उलटीत रक्त दिसले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि तुम्ही रडलात हेही तज्ज्ञांना सांगा. पुढचा उपचार कसा करायचा हे त्यावरूनही ठरते.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा पुरुष आहे. माझ्या लहानपणी नाव घेण्याजोगे काही घडले नाही. मार फार नव्हता, ‘तसले’ काही नव्हते. आई रागावली की दिवसदिवसभर बोलत नसे आणि शिक्षा म्हणून खाण्याच्या कपाटाला कुलूप लावत असे. पाहुण्यांसमोर माझ्या पोटावरून चेष्टा होई. आज माझ्या कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात खाऊची पाकिटे भरलेली असतात, आणि ती संपत आली की मला घाम फुटतो. आठवड्यातून दोनतीन रात्री मी ती सगळी संपवतो. उलटी वगैरे करत नाही. हा आजार आहे, की माझ्यात संयम नाही? पुरुषांना हे होते का?

उत्तर : पुरुषांना होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीत बिंज ईटिंग डिसऑर्डर आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ३.५ टक्के आणि पुरुषांत २ टक्के आढळले होते. अनोरेक्सिया आणि बुलिमिया यांच्यापेक्षा इथे स्त्री-पुरुषांतले अंतर बरेच कमी आहे. अल्बर्ट स्टंकर्ड यांनी १९५९ सालीच या लक्षणांचे वर्णन केले होते, पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. थोड्या वेळात खूप खाणे, त्या वेळी थांबता न येणे, नंतर लाज किंवा घृणा वाटणे, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असे तीन महिने चालणे, हा त्याचा गाभा आहे. तुम्ही जे लिहिले आहे ते त्याच्या अगदी जवळचे आहे. नक्की काय ते प्रत्यक्ष भेटीत ठरेल.

‘नाव घेण्याजोगे काही नाही’ हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले. जे घडले त्याचे नाव भावनिक छळ आणि उपेक्षा असे आहे. खाण्याच्या विकारांशी त्याचा संबंध संशोधनात लैंगिक शोषणाइतकाच स्पष्ट दिसतो; फरक इतकाच की तो दिसणाऱ्या जखमा ठेवत नाही, म्हणून सोसणाराही त्याला मोजत नाही. अबोल्याने मुलाला कळते की मी नकोसा आहे. कुलपाने कळते की अन्न कधीही काढून घेतले जाईल. आणि चेष्टेने कळते की दोष माझ्या शरीराचा आहे. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी शिकलेल्या मुलाने मोठेपणी एक खण कायम भरलेला ठेवावा, यात मला संयमाचा अभाव दिसत नाही. त्या खणाला आता कोणी कुलूप लावू शकणार नाही, ही तुमची खात्री आहे.

म्हणून तो खण एकदम रिकामा करू नका. कडक पथ्य सुरू करून ‘उद्यापासून बंद’ असे म्हणण्याने हा विकार बहुधा वाढतो, कारण बंदी ही तुमच्या दृष्टीने पुन्हा लागलेले कुलूपच आहे. ठरलेल्या वेळी, पुरेसे आणि बसून खाणे ही सुरुवात. दोन खाण्यांमधले अंतर साधारण चार तासांहून अधिक जाऊ देऊ नका. रात्रीचा अनावरपणा अनेकदा दिवसाच्या कमी खाण्यातून आलेला असतो. त्यासोबत वर्तन-विचारोपचार घ्या. वजन कमी करणे हे उपचाराचे पहिले उद्दिष्ट ठेवू नका आणि जे डॉक्टर पहिल्या भेटीत फक्त वजनाविषयी बोलतील, त्यांना ‘माझे खाणे माझ्या ताब्यात नाही, त्याबद्दल बोलायचे आहे’ असे स्पष्ट सांगा.

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलीला अनोरेक्सिया आहे. जो भेटतो तो विचारतो, घरात असे काय घडले? एका समुपदेशक बाईंनी तर, ‘अशा मुलींच्या मागे काहीतरी दडलेले असतेच, ते बाहेर काढल्याशिवाय ती जेवणार नाही,’ असे सांगितले. मी आणि तिचे वडील आता एकमेकांकडेही संशयाने पाहू लागलो आहोत. मी काय शोधू?

उत्तर : काही शोधू नका. तिला जेवायला बसवा. हे उत्तर कठोर वाटेल, म्हणून कारण सांगते.

खाण्याचा विकार असलेल्या प्रत्येकाच्या मागे आघात असतो, हे खरे नाही, आणि अनोरेक्सियाच्या बाबतीत तर ते आणखीनच कमी खरे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याची शक्यता ठरवण्यात साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. २०१९ साली सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून त्याच्याशी निगडित अशा जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या. त्या बाईंनी ‘असतेच’ हा शब्द वापरला, तो धोक्याचा आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या नापा येथे एक खटला गाजला होता. बुलिमियाच्या उपचारांसाठी आलेल्या एका तरुणीला, या आजाराच्या बहुतेक स्त्रियांचे शोषण झालेले असते, असे सांगण्यात आले; पुढे गुंगीचे औषध देऊन तिची मुलाखत घेण्यात आली आणि तिने वडिलांवर आरोप केले. वडिलांनी उपचार करणाऱ्यांवर दावा लावला; खोट्या आठवणींना निष्काळजीपणे खतपाणी घातल्याचा ठपका ज्यूरीने त्यांच्यावर ठेवला आणि वडिलांना ५ लाख डॉलरची भरपाई दिली. सूचना करकरून काढलेली आठवण खरी की सुचवलेली, हे पुढे कोणालाच ठरवता येत नाही, आणि ज्यांच्यावर खरोखर अत्याचार झालेला असतो त्यांच्या शब्दाचेही वजन त्याने कमी होते.

किशोरवयीन मुलांच्या अनोरेक्सियासाठी सर्वांत भक्कम आधार असलेला उपचार १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आला. त्यात कारणाचा शोध मुद्दाम बाजूला ठेवला जातो. पहिल्या टप्प्यात जेवणाचे सगळे निर्णय आईवडील घेतात, म्हणजे काय, किती आणि केव्हा. वजन सावरू लागले की ते निर्णय हळूहळू मुलीच्या हाती परत जातात. शेवटी तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळायचे. साधारण सहा महिने ते एक वर्ष हे चालते. तुम्ही दोघे संशयित ठरण्याऐवजी तिथे उपचाराचे हातपाय होता. फार खंगलेल्या मुलीला मात्र एकाएकी भरपूर खाऊ घालू नका. बराच काळ उपाशी असलेल्या शरीरात अन्न झपाट्याने गेले, तर रक्तातले फॉस्फेट धोकादायक रीतीने घसरू शकते. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

आणि समजा, खरोखर काही घडले असेल तर? त्यासाठी दार उघडे ठेवा, पण ढकलू नका. आघाताविषयी नेमके आणि साधे प्रश्न विचारणे हा चांगल्या तपासणीचा भाग असतो; ते तज्ज्ञांनी, तिच्याशी एकटीशी बोलताना, उत्तर न सुचवता विचारावेत. तुम्ही जेवणाच्या वेळी सोडून कधीतरी एवढेच म्हणा, “तुला कोणी त्रास दिला असेल, तर तू मला सांगू शकतेस, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवीन.” तिने सांगितले, तर उलटतपासणी न करता ऐका, आणि तो त्रास घरातल्याच कोणाकडून असेल, तर तिची सुरक्षितता सर्वांत आधी, त्या माणसाला जेवणाच्या टेबलावर बसवून कौटुंबिक उपचार चालवता येत नाहीत.

प्रश्न : यावर नुसते औषध नाही का?

उत्तर : औषधांची मदत होते, पण त्यांच्या एकट्याच्या बळावर हा आजार बरा झालेला मी क्वचितच पाहिला आहे. बुलिमियात फ्लुओक्सेटीन हे औषध दिवसाला ६० मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यातल्या नेहमीच्या मात्रेहून अधिक, दिल्यास अनावर खाणे आणि उलट्या कमी होतात. बिंज ईटिंगसाठी अमेरिकेत २०१५ साली लिसडेक्सअँफेटामिनला मान्यता मिळाली. त्याची सवय लागू शकते, त्यामुळे ते जपून द्यावे लागते. अनोरेक्सियासाठी मान्यताप्राप्त असे औषध नाही. तिथे अन्न हेच औषध आहे. एक इशारा मात्र लक्षात ठेवा : बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचे औषध बुलिमिया आणि अनोरेक्सियाच्या रुग्णांना देत नाहीत, कारण त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. म्हणून कोणत्याही कारणाने डॉक्टरांकडे गेलात, तरी खाण्याच्या विकाराची माहिती लपवू नका.

प्रश्न : माझी पत्नी २९ वर्षांची आहे. बुलिमिया बराच आटोक्यात आल्यावर दोन महिन्यांपूर्वी तिने लहानपणीच्या आघातासाठी ईएमडीआर सुरू केले, आणि तेव्हापासून ती पुन्हा जेवण टाळते, रात्री दचकून उठते. हा उपचार बंद करावा का? जेवताना मी तिचे घास मोजतो, हे तिलाही कळते. लहानपणी काय झाले ते तिने मला सांगितलेले नाही. ते मला कळायला नको का?

उत्तर : आठवणींवर काम सुरू झाले की पहिले काही आठवडे झोप आणि जेवण बिघडणे अनपेक्षित नाही, आणि तेवढ्यावरून उपचार सोडू नये. पण दोन महिने हा काळ थोडा नाही. जेवण टाळणे आठवड्यागणिक वाढत असेल, उलट्या परतल्या असतील, भोवळ येत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे ती बोलत असेल, तर उपचारकांना लगेच कळायला हवे. शेवटच्या कारणासाठी तर त्याच दिवशी. अशा वेळी आठवणींवरचे काम काही काळ थांबवून पुन्हा स्थिरतेवर येणे हा उपचाराचाच भाग आहे. त्याला हार समजू नका. मात्र तिच्या माघारी फोन करू नका. ‘मला काळजी वाटते, हे तू सांगशील, की आपण दोघे मिळून सांगू या?’ असे तिलाच विचारा. ज्या व्यक्तीच्या बाबतीत लहानपणी सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, तिच्यासाठी हा फरक लहान नाही.

घास मोजणे सोडा. बुलिमिया असलेल्या प्रौढ व्यक्तीला ती पहाऱ्याची नजर वाटते. ताटाकडे न पाहता तिच्याशी दिवसभरातल्या इतर गोष्टी बोला आणि तुमचे स्वतःचे जेवण नीट, सावकाश जेवा. ‘आता तब्येत सुधारली’ असे कौतुकही टाळा. तिच्या कानांना ते ‘तू जाड झालीस’ असे ऐकू येऊ शकते. खरी मदत लागते ती जेवणानंतरच्या तासाभरात, कारण तेव्हा उलटीची ओढ सर्वांत तीव्र असते. तो तास आधीच ठरवून घ्या. पत्ते, शब्दकोडे, कपड्यांच्या घड्या, हाताला आणि मनाला गुंतवील असे काहीही चालेल. ती ओढ लाटेसारखी चढते आणि पुष्कळदा तासाभरात ओसरते. ती ओसरेपर्यंत कोणी शेजारी असणे पुरते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : नाही, तुम्हाला कळलेच पाहिजे असे नाही. तिच्या उपचारासाठी ते तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही, आणि न सांगणे म्हणजे अविश्वास असेही नाही. कदाचित घरात एक तरी माणूस असा असावा, ज्याच्या नजरेत ती गोष्ट नाही, असे तिला वाटत असेल. ‘तुला सांगावेसे वाटले, तर मी ऐकेन, नाही सांगितलेस, तरी चालेल,’ हे एकदाच म्हणा आणि तो विषय पुन्हा काढू नका. रात्री ती दचकून उठली, तर दिवा लावा, आज कोणता वार आहे आणि आपण कोणत्या खोलीत आहोत ते हळू आवाजात सांगा, आणि हात धरण्याआधी तिला विचारा.